खाऱ्या हवेत टिकेल असे सोलर: लहान कॅरॅव्हॅनच्या टपावर पॅनेल कसे बसवावे

कॅरॅव्हॅनच्या टपावर सोलर बसवायचे म्हटले की नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॅटचे घेऊ? तो प्रश्न अर्ध्या तासात कागदावर सुटतो. कोकणात खरा कस लागतो तो टपाला पाडलेल्या भोकांचा, तारांच्या जोडांचा आणि नटबोल्टांचा. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याची हवा खारी, पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि मुक्कामाची जागा बहुतेक वेळा माडाखाली. देशावर वर्षानुवर्षे निमूट चालली असती अशी जोडणी इथे लवकर गळायला आणि गंजायला लागते. म्हणून विजेच्या हिशेबाइतकीच जागा मी इथे सीलंट, वॉशर आणि तारांना देणार आहे.

लेख आहे तो मोटारीमागे ओढायच्या लहान ट्रेलरसाठी. आत दोघांची झोपायची सोय, एक ओटा, पाण्याची टाकी, दिवे, पंखा, फार तर छोटा फ्रिज. एसी आणि इंडक्शन शेगडी यांचा विचार सोडून द्या. एसी रात्रभर चालवायला लागतील तेवढी पॅनेल एवढ्याशा टपावर मावत नाहीत, आणि स्वयंपाकाला गॅस पुरतो.

रोजचा खर्च मांडा

वस्तूचे वॅट गुणिले ती चालण्याचे तास, म्हणजे वॅट-तास. एक हजार वॅट-तास म्हणजे वीजबिलातले एक युनिट. ट्रेलरमध्ये जे जे चालणार ते सगळे लिहून काढा. दोघांच्या साध्या मुक्कामाचा हिशेब असा होतो: ३ वॅटचे ४ एलईडी दिवे ५ तास, म्हणजे ६०. बारा व्होल्टवर चालणारा, कमी वीज खाणारा २८ वॅटचा बीएलडीसी पंखा १० तास, म्हणजे २८०. दोन मोबाइलचे ३०. लॅपटॉप दोन तास, १००. पाण्याचा ६० वॅटचा पंप दिवसभरात मिळून पाव तास, १५. बेरीज ४८५.

पंख्याच्या आकड्यात काटकसर करू नका. किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारी सोडले तर पंख्याशिवाय झोप लागत नाही, आणि ट्रेलर दिवसभर तापून बसलेला असतो. चाळीस-पंचेचाळीस लिटरचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज असेल तर एप्रिल-मेच्या उकाड्यात तो एकटा दिवसाला ५०० वॅट-तासांच्या आसपास खातो. म्हणजे फ्रिजसह रोजचा खर्च एक युनिट धरा.

आता या आकड्याला ४.५ गुणिले ०.७ ने, म्हणजे ३.१५ ने भागा. साडेचार हे रोजच्या पूर्ण उन्हाचे तास. सूर्य अकरा तास दिसत असला तरी सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फार काही देत नाही. मार्च ते मे याहून जास्त मिळते, पावसाळ्यात पुष्कळ कमी. ऑक्टोबर ते मे या काळात फिरणाऱ्याला हा आकडा भरवशाचा आहे. ०.७ म्हणजे उष्णता, धूळ, तार आणि बॅटरी यांत जाणारी वीज वजा करून उरणारा भाग. ४८५ भागिले ३.१५ म्हणजे १५४, तेव्हा २०० वॅट घ्या. फ्रिज असेल तर ३१७ येतात, ३५० ते ४०० वॅट घ्या.

बॅटरी दोन दिवसांची धरावी, कारण मळभ आले की एक दिवस सहज हातचा जातो. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२८० वॅट-तास असतात. त्यातले ८० टक्के वापरले तर हजारभर मिळतात. पहिल्या हिशेबातल्या दोघांना ते दोन दिवस पुरतात. फ्रिजवाल्यांना अशा दोन बॅटऱ्या लागतील.

टप मोजा, वजन मोजा

शंभर वॅटचे पॅनेल साधारण एक मीटर लांब आणि पाऊण मीटरच्या आत रुंद असते, वजन सात-आठ किलो. टपावरची हवा-खिडकी, अँटेना, कॅरिअर वजा करून खडूने पॅनेलचे चौकोन प्रत्यक्ष टपावर आखून बघा. कागदावर मावलेले पॅनेल टपावर हवा-खिडकीच्या झाकणाला अडते, असे अनेकदा होते. चारही बाजूंनी हात जाईल एवढी जागा सोडा, नाहीतर पुढे पॅनेलखालचा पालापाचोळा काढता येणार नाही. घराच्या छतावरची ५०० वॅटच्या वरची पॅनेल वॅटमागे स्वस्त पडतात म्हणून मोह होतो. ती दोन मीटरपेक्षा लांब आणि पंचवीस किलोच्या पुढे असतात. लहान ट्रेलरच्या टपाला ती झेपत नाहीत.

दोन पॅनेल, त्यांचे ब्रॅकेट, तारा आणि एक लिथियम बॅटरी मिळून पस्तीस-चाळीस किलो वाढतात. ट्रेलरच्या आरसीवर लिहिलेले एकूण वजन आणि सामानसुमान, पाण्याची टाकी भरल्यावरचे खरे वजन यांत तेवढे अंतर उरते का, ते आधी वजनकाट्यावर बघून घ्या. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून सांगाड्याला हात लावायचा असेल, तर आधी आरटीओत विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. आणखी एक प्रश्न नेहमी येतो: २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान यासाठी मिळेल का? नाही. ती योजना घराच्या छतावरच्या, वीजमंडळाच्या लाइनला जोडलेल्या सोलरसाठी आहे.

उंचीसुद्धा लिहून ठेवा. पॅनेल आणि ब्रॅकेट मिळून टप आठ-दहा सेंटिमीटरने वाढतो. गावातल्या पाणंदीत लोंबणाऱ्या सर्व्हिस वायरी आणि खाली आलेल्या झावळ्या यांच्याशी गाठ पडते ती तेवढ्यातच. नवी उंची चालकासमोर चिकटवून ठेवा.

काय घ्यावे

पॅनेल काचेचे, अॅल्युमिनियम फ्रेमचे, मोनो पर्क (एकस्फटिक सिलिकॉनच्या सेलच्या) प्रकारचे घ्या. चिकटवायची लवचिक पॅनेल दिसायला देखणी आणि हलकी असतात, पण टपाला चिकटून बसल्याने त्यांच्याखाली हवा खेळत नाही. आमच्याकडच्या उन्हात ती भाजून निघतात, वरचे प्लॅस्टिक धुरकट होते आणि काढायची वेळ आली की टपाचा रंग घेऊन निघतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ती घेऊ नयेत असे माझे ठाम मत आहे.

चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा डबा, एमपीपीटी प्रकारचा घ्या. पीडब्ल्यूएम हा दुसरा प्रकार स्वस्त असतो, पण पॅनेलचे १८ व्होल्ट बॅटरीच्या १३-१४ व्होल्टवर ओढून आणतो आणि मधली वीज वाया जाते. टप लहान असताना ही उधळपट्टी परवडत नाही. २०० वॅट भागिले १४.४ व्होल्ट म्हणजे सुमारे १४ अँपिअर, तेव्हा १५ किंवा २० अँपिअरचा पुरतो. त्यावर लिहिलेली कमाल व्होल्ट-मर्यादा मात्र नीट वाचा, ती पुढे उपयोगी पडणार आहे.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्यावी. १०० अँपिअर-तासांची बॅटरी बारा-तेरा किलोची असते. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते, टिकवायची तर तिच्यातली निम्मीच वीज वापरता येते, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि आंबा घाटाच्या वळणांवर तिच्यातले अॅसिड हिंदकळते. झोपायच्या खोलीत तिला जागा नाही.

तार घ्याल ती कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची, दुहेरी आवरणाची सोलर डीसी केबल. साधे उघडे तांबे खाऱ्या हवेत टोकाकडून आत काळे-हिरवे पडत जाते, आणि वरचे आवरण शाबूत असल्याने ते दिसतही नाही. नटबोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ‘एसएस’ म्हणून मिळतात ते बहुधा २०२ किंवा ३०४ असतात. ३०४ ला समुद्राकाठी तांबूस डाग पडतात, २०२ सरळ गंजतो. मालवण, हर्णै, रत्नागिरी अशा बंदरांत होड्यांचे सामान विकणारी दुकाने असतात, तिथे ३१६ मागून बघा.

काम कधी काढावे

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. मेमध्ये टपावर हात टेकवत नाही आणि सीलंट पसरण्याआधी त्यावर साय धरते. पावसाळ्यात टप कोरडा मिळत नाही. थंडीतही सकाळी दव पडलेले असते, म्हणून दहा-साडेदहापर्यंत थांबा, टप कोरड्या फडक्याने पुसा, मग कामाला लागा. पॉलियुरेथेन सीलंट हवेतल्या ओलाव्यावरच वाळते, त्यामुळे कोकणात ते छान धरते. पण ज्या पृष्ठभागावर लावायचे तो मात्र पूर्ण कोरडा हवा. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

पॅनेल टपावर बसवणे

सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

आधी टप कशाचा आहे ते ओळखा. आपल्याकडच्या लहान ट्रेलरमध्ये बहुधा लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा असतो आणि त्यावर फायबर, एसीपी (मध्ये प्लॅस्टिकचा थर असलेला अॅल्युमिनियमचा पत्रा) किंवा नुसता अॅल्युमिनियमचा पत्रा. बोल्ट नुसत्या पत्र्यात धरून उपयोग नाही. वाऱ्याने पॅनेल सतत थरथरत राहते आणि भोक रुंदावत जाते. सांगाड्याचा पाइप शोधायला फडक्यात गुंडाळलेला चांगला चुंबक टपावरून फिरवा. जिथे ओढतो तिथे पाइप आहे, तिथे खडूने खूण करा. ब्रॅकेट शक्यतो या खुणांवर आणा. जिथे पाइप नाही तिथे आतून तळहाताएवढी अॅल्युमिनियमची पट्टी लावून बोल्ट तिच्यातून कसा, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरते.

अॅल्युमिनियमचे झेड ब्रॅकेट वापरा, शंभर वॅटच्या पॅनेलला चार, त्याहून मोठ्याला सहा. पॅनेल आणि टप यांत तीन-चार सेंटिमीटरची फट राहिलीच पाहिजे. पॅनेलची वॅट २५ अंश तापमानाला मोजलेली असते. दुपारी आतले सेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर प्रत्येक अंशामागे ०.३५ टक्क्याच्या हिशेबाने १४ टक्के वीज जाते. खालून वारा खेळला की हे नुकसान कमी होते, आणि पॅनेलच्या सावलीमुळे ट्रेलरही आतून कमी तापतो. हा दुसरा फायदा मेमध्ये फार जाणवतो.

पॅनेल तिरके उचलायच्या बिजागऱ्या लावू नका. रत्नागिरी साधारण १७ अंश अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, आणि डिसेंबरातही तो दुपारी ५० अंशांच्या आसपास चढतो. आडव्या पॅनेलने थंडीत थोडी वीज जाते हे खरे, पण खाऱ्या हवेत आवळून बसलेल्या बिजागऱ्या आणि समुद्रावरच्या वाऱ्यात उभे राहिलेले पॅनेल यांपेक्षा ते परवडते. मागच्या ब्रॅकेटखाली जाड वॉशर घालून थोडा उतार मात्र जरूर द्या. पाणी साचले की काचेच्या खालच्या कडेला मातीची रेघ धरते आणि तिची सावली सेलवर पडते.

स्टेनलेसचा बोल्ट अॅल्युमिनियमला थेट टेकला आणि मध्ये खारे पाणी आले, की दोन धातूंत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजते. म्हणून प्रत्येक बोल्टखाली नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना अँटी-सीझ पेस्ट. पेस्टचा दुसरा उपयोग असा, की स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर जाम होत नाही. नट नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेले) प्रकारचे घ्या. मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे साधे नट सैल करतात.

आता क्रम. सर्व ब्रॅकेट आधी पॅनेलला बोल्टने कसा. पॅनेल टपावर ठेवून भोकांच्या खुणा करा, पॅनेल उचला, भोके पाडा. लोखंडी पाइप कापला गेला असेल तिथे कडेला लगेच झिंक प्रायमर लावा, ते वाळू द्या. ब्रॅकेट बसणार ती जागा बारीक पॉलिश पेपरने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. थिनर वापरू नका, फायबरचा वरचा थर मऊ होतो. ब्रॅकेटच्या तळाला पॉलियुरेथेन सीलंटचा जाड पट्टा द्या, भोकात भरा, बोल्टच्या दांड्यालाही लावा. नट कसताना सीलंट सगळे पिळून बाहेर काढू नका. मध्ये तीन मिलिमीटरचा थर राहिला पाहिजे, तोच हादरे झेलतो. पहिल्या दिवशी हलके आवळा, सीलंट धरल्यावर शेवटचा पिळ द्या. शेवटी ब्रॅकेटच्या कडेने आणि बोल्टच्या डोक्यावरून पुन्हा सीलंट फिरवा.

स्नानगृहात वापरायचे सिलिकॉन इथे चालणार नाही. ते कडेने सुटते, आणि एकदा लागले की नंतर त्या जागी दुसरे कोणतेही सीलंट नीट धरत नाही.

सीलंट दिवसाला साधारण तीन मिलिमीटर खोल वाळते. चार-पाच दिवस ट्रेलर जागचा हलवू नका. मग पाइप लावून समोरून, बाजूने, वरून भरपूर पाणी मारा आणि आत एकाला टॉर्च घेऊन बसवा. ओल दिसली तर आताच दिसू द्या. आतल्या प्लायवूडमध्ये पाणी शिरले की पहिल्या पावसाळ्यात काही कळत नाही, आणि कळते तेव्हा प्लाय कुजलेला असतो.

तार आत आणणे

तारेचे भोक टपाच्या मागच्या अर्ध्यात पाडा. पुढून येणारा पाऊस गाडीच्या वेगाने आत घुसतो. फ्रिजची किंवा इतर कशाची आधीची जाळी असेल तर तिच्यातूनच तार घ्या, नवे भोक टळते. नवे पाडावेच लागले तर दोन तारांचे, झाकण असलेले केबल ग्लँड (तार आत घेऊन पाणी अडवणारी डबी) बसवा, तेही त्याच सीलंटने. ग्लँडमध्ये शिरण्याआधी तारेला खाली एक झोल द्या, म्हणजे तारेवरून वाहणारे पाणी तिथेच ठिबकेल.

एमसी४ कनेक्टर, म्हणजे पॅनेलच्या तारा एकमेकींत जोडायची टोके, टपावर मोकळे पडू देऊ नका. पॅनेलच्या फ्रेमखाली, पाणी साचणार नाही अशा उंचीवर बांधा. नर आणि मादी एकाच कंपनीचे घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, पण आत घट्ट धरत नाहीत, तापतात आणि वितळतात. पक्कडीने दाबून भागवू नका, क्रिंपिंगचे हत्यार उसने आणा. बांधायला काळे, उन्हाला टिकणारे केबल टाय घ्या. पांढरे टाय उन्हात वर्षभरात ठिसूळ होतात.

तारेची जाडी ठरवायचे गणित सोपे आहे: दोन गुणिले अंतर गुणिले अँपिअर गुणिले ०.०१७५, भागिले तारेचे चौरस मिलिमीटर. आलेले उत्तर म्हणजे वाटेत हरवणारे व्होल्ट. दोन पॅनेल समांतर जोडली तर ११ अँपिअर, पाच मीटर, चार चौरस मिलिमीटर तार: जवळपास अर्धा व्होल्ट जातो. तीच पॅनेल सलग, म्हणजे सिरीजमध्ये जोडली तर साडेपाच अँपिअर ३६ व्होल्टवर वाहतात आणि पाव व्होल्टच जातो.

सिरीजला आणखी एक कारण आहे, आणि कोकणात तेच जास्त महत्त्वाचे. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठीच्या पॅनेलमध्ये ३६ सेल असतात आणि बहुधा दोन बायपास डायोड. झावळीची सावली एका कोपऱ्यात पडली तर त्या अर्ध्याला डायोड बाजूला टाकतो. सिरीजमध्ये उरलेली दीड पॅनेल मिळून २७ व्होल्ट देतात, बॅटरी चार्ज होत राहते. समांतर जोडणीत सावलीतले पॅनेल नऊ व्होल्टवर येते, बॅटरीच्या तेरासमोर ते निरुपयोगी. म्हणून दोन पॅनेल असतील तर सिरीजच करा. चार असतील तर कंट्रोलरची मर्यादा आठवा: एका पॅनेलचे उघडे (काही जोडलेले नसतानाचे) व्होल्ट २२ च्या आसपास, चारांचे ८८, आणि अनेक लहान कंट्रोलर ७५ वरच थांबतात. तेव्हा दोन-दोनच्या सिरीज जोड्या करून त्या समांतर जोडा.

आतली जोडणी

इथून पुढे पॅनेलवर जाड चादर किंवा गोधडी टाका. ऊन आहे तोवर पॅनेलला बंद करायचे बटण नसते. हातातली अंगठी, कडे काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. लिथियम बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर क्षणात लाल होतो.

बॅटरी ट्रेलरच्या आसाजवळ, किंचित पुढे, शक्य तितकी खाली ठेवा आणि पट्ट्याने जखडून टाका. कशेडी किंवा कुंभार्ली उतरताना सुटलेली बॅटरी काय करेल याचा विचार करून जखडा. धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज हवा. हा फ्यूज तारेला वाचवतो. फक्त दिवे, पंखा, पंप आणि फ्रिज असतील तर ४० अँपिअरचा पुरे, त्यापुढची तार १० चौरस मिलिमीटरची. कंट्रोलर बॅटरीपासून मीटर-दीड मीटरच्या आत, उभ्या भिंतीवर, वर-खाली हवा खेळेल असा बसवा आणि तिथवर ६ चौरस मिलिमीटरची तार, तिला २० किंवा २५ अँपिअरचा वेगळा फ्यूज. पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामध्ये डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची वीज तोडायचा खटका, लावा. घरातला एसीचा एमसीबी इथे लावणे धोक्याचे आहे, कारण डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. पॅनेलच्या एका किंवा दोन ओळींना (ओळ म्हणजे सिरीजमध्ये जोडलेली पॅनेल) वेगळे फ्यूज लागत नाहीत. तीन किंवा जास्त ओळी समांतर असतील तर लागतात.

प्रत्येक वस्तूला फ्यूज बॉक्सपासून दोन तारा न्या, लाल आणि काळी. मोटारीत सांगाडाच ऋण तार म्हणून वापरतात, ते इथे करू नका. सांगाड्याच्या बोल्टला गंज चढला की दिवे मंद होतात, पंप अडखळतो आणि दोष शोधता शोधता दिवस जातो.

जोडण्याचा क्रम पाळा. आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल. कंट्रोलरला बॅटरीचे व्होल्ट आधी कळले पाहिजेत. सोडताना उलट: आधी पॅनेल, मग बॅटरी. पॅनेल जोडण्यापूर्वी चादर काढून मल्टिमीटरने टोके तपासा. दोन पॅनेल सिरीजमध्ये असतील तर चाळीस ते चव्वेचाळीस व्होल्ट दिसायला हवेत आणि आकड्यापुढे वजाचे चिन्ह नको. मग पुन्हा चादर टाका, जोडा, चादर काढा.

कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार लिथियम निवडा. तसा पर्याय नसेल तर चार्जिंग १४.२ ते १४.४ व्होल्ट, फ्लोट (बॅटरी भरल्यावर धरून ठेवायचे व्होल्ट) १३.५ आणि इक्वलायझेशन (मुद्दाम जादा व्होल्ट देण्याची फेरी) बंद. हे शेवटचे विसरलात तर कंट्रोलर लेड-अॅसिड समजून बॅटरीला जादा व्होल्ट देत राहील.

शेवटी प्रत्येक लग (तारेच्या टोकाची धातूची कडी), प्रत्येक टर्मिनल हलके ओढून बघा, आणि उघड्या जोडांवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा. महिन्याभराने सगळे स्क्रू एकदा परत कसा. नव्या जोडणीतले स्क्रू पहिल्या प्रवासात बसतात आणि सैल पडतात.

मुक्कामाची जागा

गुहागर, दिवेआगर, तारकर्ली, कुठेही गेलात तरी यजमान प्रेमाने सावलीत गाडी लावायला सांगतात. ट्रेलर माडाखाली लावू नका. सावलीचा प्रश्न आहेच, पण वरून सुटलेला नारळ पॅनेलची काच फोडतो, आणि फुटलेल्या काचेतून ओल शिरली की ते पॅनेल संपले. आंब्याच्या कलमाखाली चीक आणि पक्ष्यांची विष्ठा. सकाळी दहा ते दुपारी तीन टप उन्हात राहील अशी जागा बघा आणि माणसांसाठी बाजूला ताडपत्री बांधा. पश्चिमेला समुद्र असल्याने संध्याकाळचे ऊन मोकळे मिळते, अडथळा असतो तो पूर्वेकडच्या झाडांचा आणि डोंगराचा. जागा निवडताना पूर्वेकडे बघण्याची सवय लावा.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारख्या फेरीबोटीतून ट्रेलर नेलात, किंवा वाऱ्याच्या दिवशी किनाऱ्याला लागून राहिलात, तर काचेवर मिठाचा थर बसतो. त्यावर जांभ्याची लाल धूळ चिकटली की ती नुसत्या पावसाने जात नाही. विहिरीच्या गोड्या पाण्याने, मऊ फडक्याने, सकाळी काच गार असताना धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. साबणाची गरज नसते. फ्रेम, ब्रॅकेट आणि बोल्टांवरूनही गोडे पाणी फिरवा, मीठ तिथेच दडून बसते.

पावसाळा

जून ते सप्टेंबर या काळात पॅनेल उन्हाळ्याच्या तिसरा हिस्सा ते निम्मी वीज देतात, आणि सलग झड लागली की त्याहूनही कमी. त्यासाठी पॅनेल वाढवत बसू नका. दोन सोयी करून ठेवा. एक, मोटारीच्या अल्टरनेटरवरून ट्रेलरची बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर. थेट तार जोडू नका, लिथियम बॅटरी अल्टरनेटरकडून झेपणार नाही एवढा प्रवाह ओढते. दुसरी, मुक्कामाच्या घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा लिथियमचा चार्जर.

पावसाळाभर ट्रेलर उभाच राहणार असेल तर मेअखेरीस बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवून तारा सोडा आणि ती घरात कोरड्या जागी न्या. पॅनेलचा आयसोलेटर मात्र बॅटरीच्या तारा सोडण्याआधीच बंद करा, म्हणजे कंट्रोलरवर बॅटरीशिवाय पॅनेलचे व्होल्ट येत राहणार नाहीत. ट्रेलर भिंतीच्या आडोशाला, माड-पोफळींपासून दूर लावा आणि चारही कोपरे जमिनीला दोरांनी बांधा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडची पोफळीची आगरे आडवी केली आणि घरांचे पत्रे उडवले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. वादळाचा इशारा आला तर पॅनेल काढून घरात आणता येतील अशी तयारी असावी. ब्रॅकेट टपावरच राहू द्या, पॅनेल ज्या बोल्टने ब्रॅकेटला जोडले आहे तेवढेच काढायचे. त्यासाठी लागणारे पाने ट्रेलरमध्येच एका पिशवीत वेगळे ठेवा.

गणपतीनंतर उघडीप मिळाली की टपावर चढा. शेवाळ धरले असेल ते मऊ ब्रशने काढा. सीलंटच्या कडा नखाने दाबून बघा, कुठे उचलली असेल तर तेवढा भाग ब्लेडने कापून नवे भरा. एमसी४ उघडून आत हिरवट थर आहे का ते पाहा. असेल तर ते कनेक्टर साफ करत बसू नका, कापून नवे लावा. बॅटरी जोडा, मग पॅनेल जोडा. दुपारी बाराच्या स्वच्छ उन्हात, बॅटरी अर्धी रिकामी असताना कंट्रोलरवर किती वॅट दिसतात ते वहीत तारखेसह लिहा. २०० वॅटच्या पॅनेलवर दीडशेच्या आसपास दिसले तर जोडणी ठीक आहे. दरवर्षी याच दिवसांत तोच आकडा घ्या. तो एकदम खाली आला तर आधी काच, मग एमसी४ आणि मग फ्यूजची टोके, या क्रमाने शोधा.